निसुर्डीच्या सिस्टर

रविवारी संध्याकाळी तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे आलात आणि तुमची पँट गुडघ्याखाली जरा जरी मळलेली दिसली, तर दुसऱ्या मजल्यावर तुम्हाला अडवलं जाणार, हे आधीच सांगून ठेवतो. तिथे जिन्याच्या कडेला एक लोखंडी स्टूल असतं. स्टुलासमोरच्या खुर्चीत कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसलेल्या एक बाई बसलेल्या असतात. मांडीवर ऑपरेशन थिएटरात असतो तसला वाकडा स्टीलचा ट्रे, हातात चिमटा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. बाई तुमचं नाव विचारत नाहीत, कुणाकडे आलात तेही विचारत नाहीत. एकच शब्द बोलतात.

"पाय."

आणि तुम्ही पाय पुढे करता. भल्याभल्यांनी केलाय. गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूस करतो, पाटलांचे जावई करतात. एकदा तर मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराने केलेला, आणि त्याचे कार्यकर्ते हार सांभाळत जिन्यात ताटकळत उभे. बाईंनी त्याच्या पायजम्याची शिवण उलटीपालटी करून बघितली. काही सापडलं नाही. "तुम्ही कुठे फिरलेलेच दिसत नाही," असं म्हणून त्यांनी त्याला सोडून दिलं. तो पडला.

या बाई म्हणजे आमच्या सिस्टर गायकवाड. पहिलं नाव कमल, पण ते फक्त दारावरच्या पाटीला माहीत आहे. ठाण्याच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी उभा जन्म ऑपरेशन थिएटरात काढला आणि रिटायर होऊन डोंबिवलीला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीतल्या आमच्या सोसायटीत राहायला आल्या. एकट्याच. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या सोसायटीत कुणाची छाती नाही. दूधवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळे त्यांना सिस्टर म्हणतात आणि त्यांनी आवाज दिला की आपोआप ताठ उभे राहतात.

मी सावंत. तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हे पद मी मागितलेलं नाही. मीटिंगला उशिरा पोचलेलो, तोपर्यंत ते मला मिळालेलं होतं. तेव्हापासून कुणाचा नळ गळतो, कुणाच्या कुत्र्याने कुणाच्या दारात काय केलं, हे सगळं माझ्या डोक्यावर. त्यामुळे मी चिडका झालोय असं बायको म्हणते. तिचं म्हणणं, आधी नुसताच चिडचिडा होतो.

सिस्टरांची पहिली तक्रार माझ्याकडे आली ती माझ्याच घरातून. माझी मुलगी मनाली कॉलेजच्या ग्रुपबरोबर रविवारी डोंगरात भटकायला जाते. कधी मुरबाडकडे, कधी माळशेजला, कधी खडवलीला उतरून नदीच्या पलीकडे. एका रविवारी ती घरी आली ती मोजे हातात घेऊन, अनवाणी. म्हणाली, "बाबा, सिस्टरनी माझ्या मोज्यांचं ऑपरेशन केलं."

मी तरातरा खाली गेलो. सोसायटीच्या जिन्यात खासगी स्टूल ठेवता येत नाही असा नियम आहे, तो सांगणार होतो. सिस्टरांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सावंत, उजेड अडवताय." मी बाजूला झालो. नियम तोंडातच राहिला.

त्यांच्या ट्रेमध्ये काट्याकुट्यांचा ढीग होता. गवताची कुसळं, आघाड्याचं बी, गोखरूचे गोळे, आणखी काय काय. रानात भटकून आलेल्या माणसाच्या कपड्यांना जे जे चिकटतं ते सगळं. सिस्टर त्यातून एकेक उचलून चष्म्याजवळ नेत होत्या आणि टाकून देत होत्या. मग एक चपटं, कडेने बारीक आकडे असलेलं बी त्यांनी चिमट्यात धरलं आणि माझ्यासमोर नाचवलं.

"हे निसुर्डीचं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडचं आहे."

'आमच्याकडचं' हा सिस्टरांचा खास शब्द. त्यांचं गाव माळशेज घाट चढून वर गेल्यावर, जुन्नर तालुक्यात. तिथलं जे काही असेल ते 'आमच्याकडचं', आणि ते सांगताना त्यांची मान अशी उंच होते की आपल्या गावाला काहीच नाही की काय अशी शंका यावी. मी मूळचा कणकवलीकडचा. आमच्याकडे हापूस आहे, समुद्र आहे, दशावतार आहे. हे मी एकदा ऐकवलेलं. सिस्टर म्हणाल्या, "असेल. पण निसुर्डी नाही ना?"

आता निसुर्डी म्हणजे काय, तर एक रानटी झुडूप. पावसाळ्यात डोंगरउतारावर उगवतं, मोठाली खरखरीत पानं, कमरेएवढा दांडा आणि त्याला बारीक पांढरी फुलं, फुलाच्या मध्यभागी आभाळी निळा ठिपका. पावसाळा सरला की वरचं सगळं वाळून जातं, पण मूळ जमिनीत जिवंत असतं आणि पुढच्या पावसात पुन्हा उठतं. मनालीच्या बॉटनीच्या मॅडम म्हणाल्या की ही भोकराच्या नात्यातली आहे. हे ऐकून माझ्या बायकोला जरा आदर वाटला, कारण भोकराचं लोणचं तिला आवडतं. मग हिचं लोणचं होत नाही असं कळल्यावर तो आदर गेला.

सिस्टरांना ही निसुर्डी डोंबिवलीत फुलवायची होती. आमच्या गच्चीवर, कुंडीत. एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी बी हवं, आणि बी रानातून माणसांच्या कपड्यांना लागून येतं, म्हणून ते स्टूल. सगळ्या बिल्डिंगला त्यांनी ताकीद देऊन ठेवली की रानात जाऊन आलं की कपडे घरी झटकायचे नाहीत, परस्पर धुवायला टाकायचे नाहीत, आधी त्यांच्याकडे यायचं. तरण्या पोरांना एरवी आईबापांचं ऐकायचं म्हटलं की कपाळाला आठ्या, पण ही पोरं दमूनभागून, चिखलाने माखून, निमूटपणे दुसऱ्या मजल्यावर रांगेत बसायची. एकाचं झालं की सिस्टर मान न उचलता म्हणायच्या, "पुढचा." कुणी चुळबुळ केली की, "हलायचं नाही." आणि हात चालू असताना कुठे गेलेलास, काय खाल्लंस, घरी आईची शुगर कशी आहे, त्या पोरीचं तुझं पुन्हा जमलं का, अशी चौकशी. माझ्या मुलीने नोकरीसाठी बंगलोरला अर्ज केलाय, हे मला सिस्टरांकडून कळलं. मी तिचा बाप.

पहिल्या पावसाळ्यात त्यांनी जमलेलं बी पेरलं. रोपं आली. सिस्टरांनी सगळ्या मजल्यांवर जाऊन कळवलं. आम्ही गच्चीवर दर्शनाला गेलो. पाटील म्हणाले छान आहे. लेलेवहिनी वाकून बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, हा आघाडा वाटतोय हो."

सिस्टर म्हणाल्या, "अजून लहान आहे. पानं बदलतील."

पानं बदलली नाहीत. रोपं वाढली, त्यांना लांब काटेरी तुरे आले, आणि आघाडा कधी बघितला नव्हता त्या माणसानेही सांगितलं असतं की हा आघाडाच. थिएटरात आयुष्यभर एक सुई इकडची तिकडे होऊ न दिलेल्या बाईने कुंड्या भरभरून आघाडा लावलेला. बिल्डिंगमध्ये जिन्याजिन्यात हसू दाबणं चाललेलं. पण आमच्या सिस्टर अशा शरण यायच्या नाहीत. हरितालिकेच्या आदल्या दिवशी पत्रीसाठी बायका बाजारात वणवण करत होत्या, तर सिस्टर सकाळीच दारोदार आघाड्याच्या जुड्या घेऊन उभ्या. "ताजा आहे. गच्चीवरचा आहे. बाजारात असला मिळणार नाही." जणू त्यांनी तो मुद्दामच लावलेला. स्वतः बौद्ध, घरात गणपती नाही, हरितालिका नाही, पण त्या वर्षी शेजारच्या बिल्डिंगच्या बायकासुद्धा पत्रीला आमच्याकडे आल्या आणि सिस्टरांनी त्यांना रांगेत उभं करून वाटणी केली.

दुसऱ्या वर्षी मात्र चिमटा कडक झाला. शंका आली की बी बाद. जे आलं ते खरंच निसुर्डी होती. पण नुसती पानं. जमिनीसरशी पसरलेली, मोठी, बदामाच्या आकाराची. फुलाचा पत्ता नाही. सिस्टर म्हणाल्या, पहिल्या वर्षी ती अंगच धरते, फुलणार पुढच्या वर्षी. लोकांना धीर कुठे. कुणी अळू म्हणायला लागलं. तळमजल्यावरच्या एका नव्या भाडेकरू बाईंनी खरंच एक पान वड्यांसाठी नेलं, आणि मग त्यांच्या जिभेला जे झालं त्यावर औषधही सिस्टरांनीच दिलं. औषध देताना जे ऐकवलं ते मी लिहीत नाही.

दिवाळीनंतर पानं वाळली. कुंड्यांत नुसती माती उरली. सिस्टर रोज जिने चढून वर जायच्या, गुडघे कुरकुरत असताना, आणि त्या मातीवर ओलं गोणपाट घालायच्या. मी एकदा विचारलं, कशाला एवढी दगदग, मेलं ते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी डॉक्टर नसताना उगाच मृत्यूचं सर्टिफिकेट देतोय.

"वरून तसं दिसतं," त्या म्हणाल्या. "आत आहे."

मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. निघणारच होतं. पाटलांच्या बेडरूमला दर पावसाळ्यात छतातून अभिषेक व्हायचा. मीटिंगमध्ये ठरलं की गच्चीवरचं सगळं सामान खाली आणायचं. सिस्टरांच्या कुंड्यांचं मी स्वतः काँट्रॅक्टरला जाऊन दाखवून सांगितलं, या जपून खाली न्यायच्या, टाकीच्या बाजूला ठेवायच्या. तो म्हणाला, सर, टेन्शन मत लो.

बुद्धपौर्णिमेचा दिवस. सिस्टर सकाळीच विहारात वंदनेला गेलेल्या. मी कल्याणला लग्नाला गेलेलो. संध्याकाळी आलो तर काँट्रॅक्टर गेटवर हसतमुखाने उभा. मला मागे घेऊन गेला. टाकीच्या बाजूला कुंड्या ठेवलेल्या होत्या. धुऊन, पुसून, एकात एक घालून, अगदी दुकानात मांडतात तशा. त्याच्या माणसांनी रिकाम्या कुंड्यांतली माती काढून मागच्या भिंतीशी राडारोड्यावर फेकून दिलेली. "सर, खाली गमले थे, बेकार में मिट्टी भरी थी. साफ करवा दिये." त्याला शाबासकी हवी होती.

तेवढ्यात सिस्टर आल्या. शुभ्र साडी, हातात खिरीचा मोठा डबा. दर बुद्धपौर्णिमेला त्या बिल्डिंगभर खीर वाटतात. त्यांनी कुंड्या बघितल्या. मला वाटलं, आता या बाई सगळी गल्ली डोक्यावर घेणार. काँट्रॅक्टरला बहुतेक तसंच वाटलं, कारण त्याचं हसू मावळलेलं.

"रिकाम्या नव्हत्या," सिस्टर म्हणाल्या.

तेवढंच. मग जिना चढून त्यांनी पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली आणि एकेका घरी खीर वाटली. एकही घर सोडलं नाही. काँट्रॅक्टरच्या माणसांनाही वाटीवाटी दिली. आमच्या घरी आल्या तेव्हा बायकोने विचारलं, "बसताय ना जरा?" म्हणाल्या, "नको गं, वरचे मजले राहिलेत." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पण चष्मा त्यांनी हातात धरलेला होता, आणि तो त्या एरवी कधी काढत नाहीत.

त्या रविवारी स्टूल बाहेर आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आता तुम्हाला वाटेल की बरं झालं, जिना मोकळा झाला. मलाही वाटलेलं. पण एका महिन्यात बिल्डिंगची दैना झाली. पोरं डोंगरातून यायची, दुसऱ्या मजल्यावर बंद दार बघून थांबायची, मग वर जाऊन कपडे तसेच मशीनमध्ये टाकायची. मशीनमध्ये कुसळं सगळ्या कपड्यांना लागायची. पाटलांच्या टॉवेलने त्यांची पाठ सोलून निघाली. मी एकदा ठाण्याला ऑफिसात साहेबांसमोर बसलेलो आणि बनियनमध्ये पाठीला एक कुसळ. साहेब बोलतायत आणि मी खुर्चीत वळवळतोय. त्यांना वाटलं मला काहीतरी मुद्दा मांडायचाय. "बोला सावंत," म्हणाले. काय बोलू, कपाळ?

पण खरं सांगायचं तर कुसळांचं एवढं नव्हतं. मनाली रविवारी घरी येऊन गप्प बसायला लागली. तिला कुठे गेलेलीस विचारलं तर म्हणायची, कुठे नाही. एका संध्याकाळी तिने मोजे काढले आणि स्वतःच काटे काढत बसली. म्हणाली, "बाबा, सिस्टर दार पण उघडत नाहीत गं सारखं. उघडलं तरी म्हणतात, आता बी नकोय बेटा, धुऊन टाक." ती चिडली की बापालाही गं म्हणते. माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठलो आणि खाली गेलो.

सिस्टरांनी मला आत घेतलं. नीटनेटकं घर, भिंतीशी छोट्या टेबलावर बुद्धाची मूर्ती, समोर एक रिकामी वाटी. मी म्हटलं, सिस्टर, हे बघा, झालं ते वाईट झालं. पण हा काय जगाचा शेवट नाही. कल्याणहून माळशेजला थेट एस्टी जाते. तीही नको, मी भावाची गाडी घेतो, पावसाळा सरला की तुम्हाला तुमच्या गावाला नेतो, पाहिजे तेवढं पोतंभर बी आणा. खरं तर हे तुम्ही आधीच करायला पाहिजे होतं. दोन वर्षं लोकांच्या मोज्यांतून एकेक दाणा वेचत बसलात, ते कशाला?

सिस्टर म्हणाल्या, "चहात साखर बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, बरोबर आहे, पण मी काय विचारतोय. त्या म्हणाल्या, बिस्किट घ्या. मी बिस्किट घेतलं आणि वर आलो. बायकोने विचारलं काय झालं. मी म्हटलं, साखर बरोबर होती.

ऑगस्टमध्ये टाकीचा व्हॉल्व्ह बिघडला. आमच्या टाकीचं ओव्हरफ्लोचं पाणी तसंही मागच्या भिंतीशी झिरपत असतं, पण या वेळी बऱ्यापैकी वाहायला लागलेलं. प्लंबर येईना म्हणून मीच छत्री घेऊन मागे गेलो. त्या बाजूला एरवी कुणी फिरकत नाही. फुटक्या लाद्या, राडारोडा, आणि त्यावर माजलेलं गवत. व्हॉल्व्ह बघायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

भिंतीला लागून, त्या लाद्यांमधून कमरेएवढे दांडे वर आलेले. खाली मोठी बदामी पानं. आणि प्रत्येक दांड्याच्या शेंड्यावर बारीक पांढरी फुलं, मध्ये निळा ठिपका. एक नाही, सगळी भिंतच्या भिंत. जी माती रिकामी म्हणून फेकली त्यातली मुळं टाकीचं पाणी पिऊन उठलेली होती. इतकी वर्षं सेक्रेटरी आहे, पण गळक्या टाकीचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

मी तसाच भिजत दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि बेल दाबून धरली. सिस्टरांनी दार उघडलं. मी म्हटलं, खाली चला. त्या म्हणाल्या, कुणाला लागलं का? मी म्हटलं, नाही, तुम्ही चला.

गुडघे सांभाळत त्या एकेक पायरी उतरल्या. मागे आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. मग त्यांनी पुढे होऊन एका दांड्याला दोन बोटं लावली, नाडी बघतात तशी, आणि म्हणाल्या, "जगली."

आणि मग न विचारता बोलायला लागल्या. म्हणाल्या, त्यांची वस्ती गावाबाहेर होती. झेंडूच्या, शेवंतीच्या बागा दुसऱ्यांच्या. वर्षावासात, म्हणजे पावसाच्या त्या तीन महिन्यांत, रोज वंदनेला फूल तर हवं. सिस्टर आणि त्यांची भावंडं दिवसभर शेळ्यांमागे डोंगरात असायची आणि संध्याकाळी कपडे काट्यांनी भरून यायची. आई त्यांना उंबऱ्यावर बसवायची, एकेकाला, आणि हाताने काटे काढायची. निघालेलं बी ती घराच्या मागे फेकायची. दरवर्षी तिथे निसुर्डीचं रान माजायचं, आणि वर्षावासाचे तिन्ही महिने बुद्धापुढची वाटी भरलेली असायची.

"आई म्हणायची, ही फुलं इकत आणलेली न्हाईत, कुणाच्या बागंतनं मागितलेली न्हाईत. आपल्या अंगाला लागून आल्यात, आपलीच हायेत." सिस्टरांची मान नेहमीसारखी उंच झालेली. "बाकी दिवसभर तिला आमच्याकडे बघायला वेळ नसायचा, सावंत. लोकांच्या शेतावर राबायची. काटे काढताना तेवढा तिचा हात आमच्या अंगाला लागायचा. म्हणून आम्ही मुद्दाम निसुर्डीतून चालायचो."

मी छत्री दुसऱ्या हातात घेतली. आणि नको तेच बोललो. म्हटलं, मग आता झालं ना तुमच्या मनासारखं. आता लोकांचे पाय धरायला नकोत. बी इथेच मिळेल.

त्यांनी भिंतीकडेच बघत सांगितलं.

"एस्टीने गेले असते तर बी मला पहिल्याच वर्षी मिळालं असतं. घाट मला काय लांब आहे? पण मग रविवारी माझ्या दारात कोण बसलं असतं?"

मग त्यांनी आपल्या हाताने ओंजळभर फुलं खुडली, पदरात घेतली आणि जिना चढायला लागल्या. हात द्यायला गेलो तर म्हणाल्या, व्हॉल्व्ह बघा आधी, पाणी वाया चाललंय.

त्या दिवसापासून बुद्धापुढची वाटी भरलेली असायची. बिल्डिंगची माणसं भिंत बघून गेली, लेलेवहिनींनी या वेळी काही शंका काढली नाही, आणि सिस्टर प्रत्येकाला सांगायच्या, आमच्याकडचं आहे. पण स्टूल काही बाहेर आलं नाही. आता बी खालीच आहे म्हटल्यावर लोकांना कुठल्या तोंडाने अडवणार? मागून घेणं त्यांच्या रक्तात नाही. रविवारी संध्याकाळी दार बंद, आतून नुसता मिक्सरचा नाहीतर टीव्हीचा आवाज.

ऑक्टोबर आला. फुलं गळली, दांड्यांवर बी धरलं, वाळून तपकिरी झालं. एका रविवारी दुपारी जेवून आडवा झालेलो, पण डोळा लागेना. उठलो, चांगली इस्त्रीची ऑफिसची पँट घातली. बायकोने विचारलं, सुट्टीच्या दिवशी कुठे? म्हटलं, टाकी बघून येतो.

मागे गेलो आणि भिंतीला खेटून, निसुर्डीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. मग परत चाललो. आमच्या वयाच्या माणसाने हे करताना आजूबाजूला बघून घ्यावं, तसं बघून घेतलं. मनाली वर गॅलरीत उभी राहून बघत होती. मग आत पळाली. पँट गुडघ्यापर्यंत बियांनी भरली. तसाच दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली.

सिस्टरांनी दार उघडलं. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खाली बघितलं. वाकून एक बी बोटांत घेतलं आणि चष्म्याजवळ नेलं. त्यांना काय ओळखायला वेळ लागणार.

"कुठे गेलेलात?"

"टाकी बघायला."

"गुडघ्यापर्यंत?"

"व्हॉल्व्ह जरा आत आहे," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आल्या त्या एका हातात स्टूल आणि दुसऱ्या हातात ट्रे घेऊन. खुर्ची मीच आणून ठेवली, तेवढ्यात वरून कुणीतरी धडाधड खाली उतरून गेलं. त्या बसल्या, पदर खोचला, चष्मा पुसून नाकावर चढवला.

"पाय."

मी पाय पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने माझा घोटा धरला, घट्ट, उबदार, आणि उजव्या हाताने एकेक बी काढायला लागल्या. माझ्या आईनंतर माझ्या पायाला असा हात कुणी लावला नव्हता. खालून जिन्यात पावलं वाजली. मनाली होती, मोजे बियांनी भरलेले. तिच्या मागे पाटील, पायजम्याला काहीबाही लागलेलं. पाटलांच्या मागे लेलेवहिनी, साडीची किनार हातात उचलून धरलेली. सगळे टाकी बघून आलेले. आमच्या सोसायटीत सार्वजनिक मालमत्तेची एवढी काळजी मी पहिल्यांदाच बघत होतो.

सिस्टरांनी मान वर करून रांग बघितली. पुन्हा खाली घातली. चिमटा क्षणभर थांबला, ट्रेवर एकदा वाजला. पाणी आलं असेल डोळ्याला, मला वरून दिसत नव्हतं. मी वाकून बघायला गेलो.

"हलायचं नाही, सावंत."

मी हललो नाही.